धामणीचं आवतन

भगवानरावांचा सकाळचा चहा हल्ली रोज गार होत होता. त्यांच्या पत्नी विमलताई कप समोर ठेवायच्या, चहावर साय धरायची, तरी भगवानरावांची नजर आपली मोबाईलवर. आता घरातल्या कर्त्या माणसाने मोबाईलमध्ये डोकं घालून बसणं तुमच्याआमच्या घरात काही नवीन राहिलेलं नाही. पण बाकीचे लोक निदान काहीतरी बघत तरी असतात. भगवानराव बघत होते ते एका टिककडे. राखाडी रंगाची, एकुलती एक टिक. तिच्या शेजारी दुसरी काही केल्या उमटत नव्हती.

मेसेज साधाच होता. "राम राम शेषराव. पोळा यंदा आमच्याकडे आहे. हिऱ्याले घेऊन येजो." तो पाठवून बरेच दिवस झाले होते. मग भगवानरावांनी तोच मेसेज पुन्हा पाठवला, मग हात जोडलेलं चित्र पाठवलं, शेवटी साधा एसेमेसही टाकून पाहिला. एसेमेस तर त्याहून मुका. गेला एवढंच दिसतं, पोचला की वाटेतच राहिला ते देव जाणे. आणि पोळा आता परवावर आला होता.

हे प्रकरण काय आहे ते आधी सांगितलं पाहिजे. नेर तालुक्यातलं बोरी हे भगवानरावांचं गाव, आणि नाल्यापलीकडचं धामणी शेषरावांचं. दोघांची शेतं धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. नांगरटीला आता दोघेही ट्रॅक्टर सांगतात, पण कपाशी आणि तुरीच्या ओळींतून डवरे, म्हणजे तण काढायचे कोळपे, चालवायचे तर बैलांशिवाय भागत नाही. जोडी पाळणं मात्र दोघांच्याही आवाक्याबाहेर गेलेलं. म्हणून दोघांनी एकेक बैल ठेवला. भगवानरावांचा लखन, शेषरावांचा हिरा. दोन घरं, दोन गोठे, आणि जोडी एक. डवरणी संपली की हिरा धामणीला जायचा, लखन बोरीला राहायचा, आणि पोळ्याला ही जोडी पुन्हा एकत्र यायची. एक वर्ष बोरीच्या तोरणाखाली, एक वर्ष धामणीच्या. ज्याच्या गावी पोळा, त्याने दुसऱ्याच्या घरी जाऊन आवतन द्यायचं, म्हणजे आपलं जेवणाचं बोलावणं. हा नेम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण चुकलाही कधी नव्हता.

यंदा चुकला. पाऊस लागून राहिला, नाल्यावरचा रस्ता चिखलाचा झाला, गुडघाही कुरकुरत होता. भगवानरावांनी म्हटलं, मोबाईल कशाला घेतला आहे? आणि अंगठ्याने आवतन धाडून दिलं.

"अर्पिता, इकडे ये वं माय," त्यांनी सुनेला हाक मारली. अर्पिता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. ती डबा भरता भरता बाहेर आली. "कोणी आपल्याले ब्लॉक केलं, हे कसं ओळखाचं?"

"कोणी केलं मामाजी तुम्हाले ब्लॉक?"

"तू ओळखाचं कसं थे सांग."

अर्पिता हातातला डबा खाली ठेवून पायरीवर बसली. शिक्षिकाच ती, तिने नीट समजावून सांगितलं. ब्लॉक केलं असलं तर मेसेजला एकच टिक राहते, दुसरी कधी येत नाही. समोरच्याचा फोटो आपल्याला दिसेनासा होतो. तो शेवटी ऑनलाइन कधी आला होता ती वेळही दिसत नाही. फोन लावला तर बहुतेक वेळा एखादी रिंग होऊन कटतो, नाहीतर सारखा बिझी येतो. "पण मामाजी, ह्याच्यातल्या एका खुणेवरून काही ठरत नाही. फोन बंद असला, नेट नसलं, रिचार्ज संपला, तरी एकच टिक राहते. दाखवा बरं कोणाचं आहे ते."

भगवानरावांनी नाइलाजाने मोबाईल पुढे केला. अर्पिताने बघितलं आणि हसली. "हे तं शेषरावकाकाजी! त्यांचा फोटो तं दिसून राह्यला ना, हा काय, हिऱ्याच्या गळ्यात हात टाकून उभे आहेत. ब्लॉक केलं असतं तं फोटो दिसला नसता."

"मुद्दाम ठेवला त्यानं. मले खिजवायले."

"आणि फोन लावला तं काय येते?"

"बंद आहे म्हणते थे बाई."

"मग बंदच असन! ब्लॉक असता तं दुसऱ्याच्या फोनवरून लागला असता. कोणाच्या फोनवरून लावून पाह्यला?"

"गल्लीतल्या रवीच्या फोनवरून लावला. त्याच्यावरही बंद." भगवानरावांनी दीर्घ श्वास घेतला आणि पुराव्याचा शेवटचा कागद कोर्टात ठेवावा तसे म्हणाले, "त्यानं सारी बोरी ब्लॉक करून टाकली!"

अर्पिताला हसू आवरेना. "मामाजी, साऱ्या गावाले एकेक करून ब्लॉक करत बसाले एवढा रिकामा कोण आहे?"

तेवढ्यात भगवानरावांचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर होता. त्यांनी तो झटकन कापला, दोन ठिकाणी बोट दाबलं, आणि नंबर कायमचा बंद करून टाकला. ही कला त्यांना अर्पितानेच शिकवली होती. अनोळखी फोन उचलला की खातं रिकामं होतं, असा एक व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. तेव्हापासून ते एकही अनोळखी नंबर शिल्लक ठेवत नव्हते. कर्ज देणारे, प्लॉट विकणारे, चुकून लावणारे, सगळ्यांना एकच शिक्षा. तेवढ्या वेळापुरतं त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं.

अर्पिता शाळेत निघून गेली. भगवानराव पुन्हा टिककडे बघू लागले.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, एकही खूण जुळत नाही, तरी हा माणूस ब्लॉक ब्लॉक करत का बसला आहे? त्याला कारण होतं. बोरी आणि धामणीच्या शेतकऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. त्यात कोणीतरी नव्या ट्रॅक्टरचा फोटो टाकला. त्याखाली भगवानरावांनी लिहिलं, "आता शेषरावच्या हिऱ्याले पेन्शन देऊन टाका. चालते कमी अन् हापते जास्त." दोन्ही गावांतून हसणारे चेहरे आले. कोणी टाळ्या पाठवल्या, कोणी म्हटलं, पेन्शन नवी की जुनी? भगवानरावांना त्या दिवशी दोन घास जास्त गेले. शेषरावांचं मात्र उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून शेषरावांकडून काहीच आलं नाही. शुभ सकाळ नाही, कपाशीचा भाव नाही, की कळंबच्या चिंतामणीचा चतुर्थीचा फोटो नाही.

म्हणजे बोचत होतं ते टिकमुळे नव्हतं. पण स्वतःच्या बोलण्याकडे बघण्यापेक्षा टिककडे बघणं सोपं असतं.

संध्याकाळी भगवानरावांनी निर्णय घेतला. गल्लीतल्या रवीकडेही एकच बैल होता, तांबडा आणि धष्टपुष्ट. भगवानराव त्याच्या दारात जाऊन म्हणाले, "परवा तुह्या तांबड्याले लखनच्या जोडीला उभा करू. धामणीवाल्याले आता मोठेपणा आला."

रवीला आनंदच झाला. पण घरी येऊन भगवानरावांनी हे सांगितलं तेव्हा विमलताईंच्या हातातलं सूप थांबलं. पोळा म्हणजे काय चोरून करायची गोष्ट आहे? तोरणाखाली बोरीचे लोक असणार, धामणीचे पाहुणे असणार. लखनच्या शेजारी हिऱ्याऐवजी तांबडा दिसला की सगळ्यांना एकाच वेळी कळणार, भगवानराव आणि शेषराव यांची जोडी तुटली. आणि चारचौघांत तुटलेलं पुढच्या डवरणीला कोण जोडणार? दोन घरांचं इतक्या वर्षांचं येणंजाणं, एकमेकांच्या लेकींच्या लग्नात राबणं, सगळं त्या एका सकाळी मोडणार होतं.

त्यांनी बोलणं दुसऱ्या दिवसावर ठेवलं आणि सूप पुन्हा हलवलं. त्यांना माहीत होतं, भगवानरावांना सायंकाळी सांगितलेलं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी खांदेमळणी. पाऊस उघडला होता. दुपार कलली तशी भगवानरावांनी लखनला नाल्यावर नेऊन धुतलं, शिंगं साफ केली. विमलताईंनी वाटीत लोणी आणि हळद कालवून दिली. भगवानरावांनी पळसाच्या पानाने ती हळद लखनच्या खांद्याला लावली. वर्षभर जू वाहून खांद्यावर घट्टा पडला होता, त्याच्यावरून पान हळूहळू फिरवलं. लखनने डोळे मिटून घेतले. मग भगवानरावांनी टोपी सारखी केली, बैलाच्या मानेवर हात ठेवला, त्याच्या कानाशी वाकले आणि दरसालसारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

विमलताई गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या.

"काय बोल्ले तुम्ही त्याच्या कानात?"

"दरसाल बोलतो थेच. आवतन देल्लं."

"मंग त्याले मेसेज काहून नाही टाकला?"

भगवानराव वळून बघतच राहिले. "बह्याड झाली काय वं तू? जनावराले कोणी मेसेज टाकते?"

"नाही टाकत ना? हा तुमच्याच गोठ्यात बांधला हाय. आवतन देल्लं नाही तरी उद्या जेवणारच हाय, जाते कुठं? तरी तुम्ही त्याचा खांदा मळला, टोपी सारखी केली, कानाजोळ वाकले, मंग बोल्ले. अन् ज्या माणसाचा बैल ह्याच्या खांद्याले खांदा लावून चालते, त्याले आवतन कसं देल्लं? इथं बसल्या बसल्या अंगठ्यानं!"

"त्यानं ब्लॉक केलं मले!"

"समजा केलं. फोन ब्लॉक केला ना? धामणीचा रस्ता तं ब्लॉक नाही केला?"

भगवानराव हळदीचं पान उगाच या हातातून त्या हातात करत राहिले. विमलताई आत आल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता.

"एक सांगू? राग नका मानू. तुमाले मनातून माहीत हाय का त्यानं ब्लॉक नाही केलं. अर्पितानं सारं उलगडून सांगतलं, तरी तुम्ही मानून नाही राह्यले. काहून? ब्लॉक नसन तं तुमाले तिथं जा लागन, अन् हिऱ्याले जे बोल्ले त्याची माफी मागा लागन. ब्लॉक केलं म्हटलं का चूक त्याची झाली. तुम्ही मोकळे! म्हणून तुमाले थे ब्लॉकच पायजे."

 लखनने आपला कान हलवला.

खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो, आणि ते माणूस घरचंच असलं तर जरा जास्तच येतो. भगवानरावांनाही आला.  पण बाईने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. ते खाली बसले आणि लखनच्या खुराला लागलेला चिखल काडीने काढू लागले.

"लई वाईट बोल्लो का वं मी?" त्यांनी विचारलं.

"त्याच्यासमोर बोल्ले असते तं त्यानं तिथंच एक शिवी हासडली असती, दोघं हासले असते, मिटलं असतं. तुम्ही साऱ्या लोकाइले जमा करून बोल्ले. त्याच्यात त्याचं तोंड तुमाले दिसलं काय?"

भगवानराव उठले. खुंटीवरचा सदरा घातला. "पण रवीले सांगतलं ना आता तांबड्याचं. त्याले काय तोंड दाखवू?"

"रवीले म्या सकाळीच सांगून आली, तुह्या तांबड्याले यंदा झूल घालून दारी आण, पूजा करू, जेवाले घालू, पण लखनच्या जोडीला नको म्हणून. थो हासला. म्हणे, काकू, मलेही जड जाऊन राह्यलं होतं." विमलताईंनी दुसरी वाटी पुढे केली. तिच्यातही हळद-लोणी होतं, वर पळसाची पानं झाकलेली. "हे हिऱ्याच्या वाटणीचं. घेऊन जा."

ती वाटी त्यांनी लखनच्या वाटीसोबतच कालवून ठेवली होती. भगवानरावांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला ते गाडीला किक मारू लागले.

रस्ता चिखलाचा होता खरा, पण मोबाईलमध्ये बसून वाटत होता तेवढा वाईट नव्हता. नाल्याला पाणी गुडघ्याखाली. गुडघाही विशेष कुरकुरला नाही. धामणीत शिरताना मात्र भगवानरावांनी गाडी हळू केली. शेषरावने दारातूनच परत पाठवलं तर? वहिनींनी पाणीसुद्धा विचारलं नाही तर?

शेषराव अंगणात बसले होते. समोर हिरा बांधलेला. अंग धुऊन लख्ख केलेलं, शिंगांना ताजा निळा रंग, आणि शेषराव मांडीवर चकचकीत बेगड घेऊन त्याच्या पट्ट्या कापत होते. भगवानराव फाटकातच थबकले. आवतन नाही, निरोप नाही, तरी हा माणूस आपल्या बैलाला नटवून बसला होता.

"ये," शेषराव मान वर न करता म्हणाले. "वाट सापडली म्हणायची तुले."

कौसल्यावहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्याही नेहमीसारख्या हसल्या नाहीत. भगवानराव ओसरीच्या कडेला टेकले.

"मेसेज टाकलता तुले. एक नाही, चार टाकले."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? फोनवर!"

"फोन ढेपेच्या घमेल्यात पडला," शेषराव म्हणाले. "हिऱ्याले ढेप चारून राह्यलो होतो, सरकी ढेप, भिजवलेली. वाकलो तं खिशातून सटकन आत गेला. मले पत्ताच नाही. हिऱ्यानं ढेप खाल्ली, अन् फोन चाटूनपुसून घमेल्यात ठेवून देल्ला. दिसाले असा चकाचक! पण सुरू काही झाला नाही. नेरच्या दुकानात देल्ला हाय, पोळा झाल्यावर ये म्हणे."

भगवानरावांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. "म्हणजे तू मले ब्लॉक नाही केलं!"

"मी?" आता शेषरावांनी मान वर केली, आणि त्यांच्या आवाजाला धार आली. "मी कायले ब्लॉक करू? ब्लॉक तं तू केलं मले! सुनेच्या फोनवरून तुले फोन लावून लावून बोट दुखलं माह्यं. एकदा नाही उचलला. मंग तं एक रिंग झाली का कटे."

"मले? तुहा एकही फोन नाही आला! देवाशपथ!"

"पुष्पा!" शेषरावांनी आत हाक मारली. "फोन आण वं तुहा. ह्या काकाजीले लाव बरं इथं बसून."

पुष्पा, शेषरावांची सून, पदराला हात पुसत बाहेर आली. तिने नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. भगवानरावांनी आपला मोबाईल तळहातावर धरला. सगळे त्या मोबाईलकडे बघू लागले. कौसल्यावहिनी चुलीवरचं सोडून दारात आल्या.

पुष्पाच्या फोनमध्ये एकदा रिंग झाली आणि कटली. भगवानरावांच्या हातातला मोबाईल काळाठिक्कर, गप्प. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. भगवानरावांचा मोबाईल त्यांच्या हातात होता, चालू होता, त्याला रेंज होती, आणि तो वाजत नव्हता!

अर्पिताने सांगितलेली खूण भगवानरावांना आठवली. एखादी रिंग होऊन कटतो. अरे देवा! म्हणजे इतके दिवस ते ज्या चोराला शोधत होते तो त्यांच्याच खिशात होता. पुष्पाचा नंबर नवा होता, त्यांच्या मोबाईलला अनोळखी होता. कधीतरी तो आला असणार, आणि प्लॉटवाल्यांच्या, कर्जवाल्यांच्या रांगेत त्यांनी आपल्या जोडीदारालाही मोठ्या समाधानाने बंद करून टाकलं असणार.

"द्या काकाजी इकडे," म्हणत पुष्पाने त्यांचा मोबाईल घेतला, बंद केलेल्या नंबरांची ती भलीमोठी यादी उघडली आणि त्यातून आपला नंबर मोकळा केला. मग मोबाईल त्यांच्या हातात देऊन पुन्हा फोन लावला. भगवानरावांच्या हातात मोबाईल खणखणून वाजला. हिरा दचकला.

"उचल आता," शेषराव म्हणाले.

भगवानरावांनी खरंच उचलला. समोरासमोर बसून, कानाला फोन लावून ते म्हणाले, "बोल गड्या. कायले फोन करत होता?"

"शिव्या द्यायले!" शेषराव ओरडले. त्यांना फोनची गरज नव्हती. "फोन ढेपेत पडाच्या आधी वाचलं म्या तुहं. हिऱ्याले पेन्शन द्या म्हणते! मले म्हातारा म्हटलं असतं तं चाललं असतं. मी उत्तर देल्लं असतं. पण हे मुकं जनावर. तुह्या वावरात डवरे चालवले ह्यानं, लखन लंगडत होता तवा एकट्यानं ओझं घेतलं. त्याले तू हसला, अन् साऱ्याइले हसाले लावलं. मी रागानं लाल! म्हटलं, भगवानाले असा फैलावर घेतो का दोन दिवस जेवण जाऊ नये. अन् लेकाचा फोनच लागेना!"

यानंतर शेषरावांनी जे काही ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. भगवानरावांनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं. आणि ऐकता ऐकता त्यांना बरं वाटू लागलं. इतके दिवस एका मुक्या टिकशी भांडून जे सुटलं नव्हतं, ते चार खणखणीत शिव्यांनी सुटत होतं. शेषराव थांबले तेव्हा दोघांनाही धाप लागली होती, एकाला बोलून आणि दुसऱ्याला ऐकून.

"चुकलो गड्या," भगवानराव म्हणाले. "हसाच्या नादात बोल्लो. हिऱ्याचा गुन्हेगार हाय मी. अन् तुहाही."

"त्याले सांग."

भगवानराव उठले. वाटी उघडली. पळसाच्या पानाने हिऱ्याचा खांदा मळला, चांगला वेळ घेऊन, घट्ट्यावरून दोनदा. हिऱ्याचा खांदाही लखनसारखाच होता, फक्त डाव्या बाजूऐवजी उजवीकडे घासलेला. मग त्यांनी टोपी सारखी केली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. अन् चुकलं माकलं पोटात घाला."

हिऱ्याने त्यांचा सदरा चाटला. ढेपेतला मोबाईल चाटला होता तसाच, मोठ्या मनाने.

"झालं?" शेषराव म्हणाले. ते हिऱ्याच्या पलीकडे येऊन उभे राहिले होते. त्यांनी आपलं डोकं तिरकं केलं आणि कान पुढे आणला. "अन् मले?"

कौसल्यावहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. भगवानरावांनी हळदीने भरलेला हात शेषरावांच्या खांद्यावर ठेवला, पांढऱ्या सदऱ्यावर पाच बोटं उमटली, आणि ते त्यांच्या कानात म्हणाले, "आज आवतन घ्या शेषराव, उद्या जेवायले या. वहिनीले, पोराइले, साऱ्याइले घेऊन या."

"येतो," शेषराव म्हणाले. "हिऱ्याले पुरणपोळी दोन जास्त वाढजो. पेन्शनची थकबाकी हाय त्याची."

दुसऱ्या दिवशी बोरीच्या तोरणाखाली लखन आणि हिरा शेजारी शेजारी उभे होते. निळी शिंगं एकाची, हिरवी एकाची. रवीचा तांबडा त्यांच्या मागेच झूल पांघरून उभा होता. तोरण तुटलं, बैल घरोघर फिरले, विमलताईंनी दारात दोघांचे पाय धुतले आणि ओवाळलं. जेवणं झाल्यावर भगवानरावांनी अर्पिताला जोडीचा फोटो काढायला लावला आणि ग्रुपवर टाकला. खाली स्वतः लिहिलं, "हिऱ्याबद्दल बोल्लो होतो थे माह्यं चुकलं. आज आमच्या घरी जेवला. आमचा डवरा त्याच्या खांद्यावर चालते." यावेळी हसणारे चेहरे कमी आले. पण धामणीच्या एका म्हाताऱ्याने लिहिलं, शाब्बास. ते वाचून भगवानरावांना पुरणपोळीपेक्षा गोड वाटलं.

मंडळी, कोणी आपल्याला ब्लॉक केलं का हे ओळखायच्या खुणा अर्पिताने सांगितल्या, त्या खऱ्या आहेत आणि उपयोगीही आहेत. अनोळखी नंबरापासून सावध राहा हेही खरं, फसवणारे फार झाले आहेत. पण बंद केलेल्या नंबरांमध्ये आपला एखादा माणूस अडकला नाही ना, हेही अधूनमधून बघत जा. आणि एखाद्याचं उत्तर येईना, तेव्हा त्याच्या मनात काय आहे याचा तर्क करण्याआधी आपण त्याला काय बोललो होतो ते एकदा आठवा. मग चप्पल घाला. त्याचं गाव नाल्यापलीकडे असेल तर नाला ओलांडा, लांब असेल तर एसटीत बसा, अगदीच जमत नसेल तर दुसऱ्या कोणाच्या फोनवरून बोला. फार झालं तर काय होईल? तो चार शिव्या देईल. माणूस शिव्या देतो आहे तोवर त्याने आपल्याला सोडलेलं नाही, एवढं नक्की समजा. आपण बैलाला त्याच्या कानाशी वाकून आवतन देतो, तर माणसालाही तेवढा मान द्यायला आपलं काय जातं?

पोळ्यानंतर एका सकाळी भगवानराव ओट्यावर बसून चहा पीत होते, आणि चहा गरम होता. फाटक वाजलं. बघतात तर दारात शेषराव, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल.

"काय रे, सकाळी सकाळी? काही झालं काय?"

"काही नाही," शेषराव ओट्यावर टेकत म्हणाले. "फोन सुरू झाला माहा. थेच सांगाले आलतो."

विमलताईंनी दुसरा कप आणून ठेवला.